उद्याची कळी

कौसामाय माझ्या नात्यातली नव्हती. सासरच्या घराला लागून तिचं घर, मधे छातीएवढी मातीची भिंत, आणि त्या भिंतीवरून दिवसभर काही ना काही इकडून तिकडं जायचं. विरजण, विस्तव, गावातल्या बातम्या. मी जालन्याची. वडील कचेरीत नोकरीला, घरात नळ. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा लग्न झालं आणि १९८९ साली मी वाटूर फाट्यापासून दीड कोसावरच्या या गावात आले. कौसामाय तेव्हा पन्नाशीची असेल. उंच, काटक, विधवा, दोन एकरांची मालकीण आणि जिभेची तिखट. तोंडावर मी तिला अहोजाहो करायचे. मनात मात्र पहिल्या दिवसापासून ती 'ती'च होती.

सासऱ्यांचा एकरभर सीड प्लॉट होता. म्हणजे कपाशीच, पण कापसासाठी नव्हे, बियाण्यासाठी. एका जातीच्या कपाशीच्या कळ्या दुपारी सोलायच्या, पाकळ्या आणि आतला पिवळ्या परागांचा भाग काढून टाकायचा, मधली नाजूक दांडी तेवढी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीची फुलं आणून त्या दांडीवर घासायची. दोन महिने रोज हेच. याला सगळ्या बाया 'क्रॉसिंग' म्हणतात, शाळेचं तोंड न पाहिलेल्यासुद्धा. ऐकायला सोपं वाटतं. पण कळी हवी ती नेमकी उद्या उमलणारी. परवाची कळी कच्ची, तिचा उपयोग नाही. आणि सगळी मदार अंगठ्याच्या नखावर. नख वरवर लागलं तर पराग आत राहतात आणि बियाणं भेसळीचं निघतं. जरा खोल गेलं तर खालच्या इवल्याशा बोंडीला जखम होते आणि तीन दिवसांत ती पिवळी पडून गळते. भेसळ सापडली तर कंपनी अख्खा प्लॉट नापास करायची.

आमच्या प्लॉटवर आठ बाया असायच्या आणि त्यांच्यावर कौसामाय. तिला कोणी नेमलं नव्हतं. तिच्या हाताखालची कळी गळत नाही, एवढंच त्यामागं कारण होतं.

मला शिकवायची वेळ आली तेव्हा मी वही घेऊन गेले होते. बाया लुगड्यात तोंड घालून हसल्या. कौसामायनं वही बांधावर ठेवायला लावली आणि म्हणाली, "डोळे मिट. हात कर पुढं." मी हात पुढं केला. तिनं तळहातावर एक कळी ठेवली. "सांग, उद्याची का परवाची?"

मी डोळे किलकिले करून पाहिलं. तिनं हातावर चापट मारली.

"डोळे थापा मारतेत. बोटाला इचार."

आठ दिवस ही परीक्षा चालली. मी अंदाजपंचे सांगायची आणि ती न बोलता कळी फेकून द्यायची. त्याचाच राग यायचा जास्त. लई वाचलेल्या बाईची बोटं मुकी असतात, असं ती मला ऐकू जाईल अशा बेतानं बायांना सांगायची. नवव्या दिवशी काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कळी हातात आली आणि अंगठ्याला कळलं. परवाची कळी गच्च असते. उद्याची आतून किंचित सुटलेली, पिकत आलेल्या चिंचेच्या टरफलासारखी. मी म्हटलं, उद्याची. तिनं दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. मी डोळे न उघडता सांगत गेले. त्या दिवशी घरी आल्यावर पिठाला हात लावला तर पीठसुद्धा वेगळं लागलं. पोरीच्या जातीला जे जे शिकवतात ते आईनं मला शिकवलं होतं, पण माझी बोटं माझी आहेत हे त्या परक्या बाईनं शिकवलं.

ती स्वतः सगळं जग असंच हातानं वाचायची. नव्या लुगड्याचा पोत, बाजरीचा ओलावा, लेकराचा ताप, म्हशीचं पोट. दुकानदारानं कितीही सांगितलं तरी हात फिरवल्याशिवाय खरं मानायची नाही. नागपंचमीपासून ती उजव्या अंगठ्याचं नख वाढवायची, रोज खोबरेल लावायची. क्रॉसिंग संपलं की शेवटच्या दिवशी ते कापायचं आणि शेवटच्या झाडाच्या बुडाशी पुरायचं, हा तिचा नेम. दुसरा नेम नवरात्राचा. नऊ दिवस अनवाणी. नवरा गेल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, ती नऊही दिवस गावामागच्या टेकडीवर देवीला पायांत काही न घालता जायची, आणि टेकडीचा चढ म्हणजे निव्वळ खडे आणि बाभळीचे काटे.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती. कौसामायच तिला रोज तेल लावून न्हाऊ घालायची. त्या पावसाळ्यात सगळ्या बायांच्या तोंडी एकच कौतुक होतं: मायच्या हाताला आता चटकासुद्धा लागत नाही. खरंच लागत नव्हता. तव्यावरची भाकरी ती उचटण्याशिवाय उलटायची, चुलीतला निखारा बोटांनी उचलून भिंतीवरून आम्हाला द्यायची. बाया हात जोडायच्या. देवी हातात येऊन बसली, म्हणायच्या. मायला ते आवडायचं. ती काही म्हणायची नाही, पण निखारा द्यायचा तर चारजणी बघत असताना द्यायची. मीसुद्धा माहेरी गेले की आईला ही गोष्ट रंगवून सांगायची. आता ते आठवलं की लाज वाटते.

भाद्रपद सरत आला आणि तिच्या तासांत, म्हणजे तिच्या वाट्याच्या ओळींत, बोंड्या गळायला लागल्या. प्रत्येक बाईच्या वाट्याला ठरलेल्या झाडांच्या ओळी असायच्या आणि सोललेल्या कळीला खूण म्हणून प्रत्येकीचा वेगळ्या रंगाचा दोरा. मायचा दोरा लाल. सकाळी फुलं घासायला गेले तर तिच्या झाडांखाली पिवळ्या पडलेल्या बोंड्या, लाल दोऱ्यासकट. पहिल्या दिवशी पाच-सात दिसल्या. मग वीस. मी त्या वेचून पदरात घ्यायची आणि लांब नाल्यात टाकून यायची. कोणी सांगितलं नव्हतं. पण कंपनीचा सुपरवायझर दर आठवड्याला यायचा, सासूबाईही चक्कर टाकायच्या, आणि कौसामायच्या हातची बोंडी गळाली हे कोणाला दिसू नये असं मला वाटायचं. तिच्यासाठी वाटायचं की प्लॉटसाठी, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

एक दिवस माझ्याआधी ती पोचली. जमिनीवर पसरलेले लाल दोरे तिनं पाहिले. आणि ती शांताकडं वळली. शांता म्हणजे नवी लग्न झालेली, पहिल्याच वर्षी कामाला आलेली पोरगी. मायच्या शेजारच्या ओळी तिच्या.

"माझ्या तासात तू हात घातला का न्हाई, बराबर सांग."

शांता नाही म्हणाली. मायनं तिची आई काढली, तिचं माहेर काढलं. आंधळ्या बोटांची म्हणाली. चोरून दुसऱ्याच्या कळ्या सोलून आपलं काम लपवते म्हणाली. सगळ्या बायांसमोर. शांता रडत घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. मी तिथंच उभी होते. आदल्या दिवसापर्यंतच्या बोंड्या मीच वेचत होते आणि शांतानं मायच्या झाडांना हात लावला नव्हता हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बोलले नाही.

मग नवरात्र बसलं. तिसऱ्या माळेला आम्ही दोघी-तिघी तिच्यामागं टेकडी चढत होतो. खडकावर मला रक्ताचा ठिपका दिसला. पुढं आणखी एक. मग पावलागणिक. कोणाच्या पायातून येतंय म्हणून बघते तर मायच्या. उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता, अर्धं बोट लांब, आणि ती आरामात चालली होती. मी हाक मारली. तिनं वळून पाय वर करून पाहिला, काटा उपटला आणि बाजूला टाकला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

सोबतची एकजण खाली वाकून तिच्या पायाला डोकं लावायला गेली. म्हणाली, वीस वर्षांच्या अनवाण्याचं फळ मिळालं, देवीनं दुखणं काढून घेतलं. माय ओशाळली आणि सुखावली, दोन्ही. मी मात्र वाकले नाही. कारण महिनाभरापूर्वी मुलीला लस द्यायला आरोग्य केंद्रात गेले होते, आणि तिथं रांगेत उभं असताना भिंतीवरचं चित्र वाचलं होतं. मला कुठंही अक्षरं दिसली की वाचायची खोड. चित्रात एका माणसाच्या दंडावर फिकट चट्टा होता आणि खाली लिहिलं होतं की चट्ट्यावर किंवा हातापायांना स्पर्श, चटका, टोचणी कळत नसेल तर तपासून घ्या, कुष्ठरोग लवकर औषध घेतल्यानं पूर्ण बरा होतो. चढावर माय पुढं चालली होती, पदर खांद्यावर टाकलेला, आणि तिच्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता. तो मी वर्षभर पाहत होते. ऊन लागून आलेलं सिबं समजत होते.

गावात त्याला महारोग म्हणायचे, तेही आवाज खाली करून. ज्याला झाला त्याचं पाणी वेगळं, वाट वेगळी. मला कळत होतं की जेवढे दिवस जातील तेवढा तिचा हात जाणार. आणि मला हेही कळत होतं की क्रॉसिंगचे बारा दिवस उरलेत, हे नाव निघालं तर उद्या एकही बाई प्लॉटवर येणार नाही. नवऱ्याला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. बारा दिवसांनी काय बिघडतंय, असं मी मनाला समजावलं. त्याच वेळी लेकराला सर्दी झाली, आता न्हाऊ घालायला नको, असं खोटं मायला सांगितलं. म्हणजे माझं लेकरू मी तिच्यापासून बाजूला केलं आणि तिचा हात तिच्या नशिबावर सोडला. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळी मी प्लॉटवर नरफुलं, म्हणजे दांडीवर घासायची फुलं, तोडत होते. दूध पाजायचं म्हणून घरी आले तर सासूबाई दारात तांदूळ निवडत बसलेल्या. म्हणाल्या, पोरीची सर्दी गेली वाटतं, कौसा न्हाऊ घालायला घेऊन गेली. मी भिंतीला वळसा न घालता भिंतीवरूनच पलीकडं उडी मारली.

माय पाटावर पाय पसरून बसली होती. मुलगी तिच्या पायांवर, तेल लावलेली, उघडी, हातपाय नाचवत होती. शेजारी घंगाळ. घंगाळातून वाफ येत होती. मायनं उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, "कोमट हाय." आणि तांब्या भरला.

मी मुलीला उचललं ते जवळजवळ हिसकावूनच. तांब्या कलंडला, दोन थेंब माझ्या पायावर पडले आणि मी कळवळले. माय माझ्याकडं बघत राहिली. तिचा हात लालबुंद झाला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कामून व? काय झालं?"

मुलगी भेदरून रडत होती. मी तिला सासूबाईंकडं देऊन परत आले. कमरेला फुलांची पिशवी तशीच होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "माय, डोळे मिटा. हात करा पुढं."

ती हसली. मास्तरणीची परीक्षा घेती का, असं काहीसं म्हणाली. पण हात पुढं केला आणि डोळे मिटले. मी पिशवीत हात घालून फुलांखालचा कागद वाजवला, तिला ऐकू जाईल असा. मग तिच्या अंगठ्याला नि बोटांना बोटं लावली आणि तिची मूठ अलगद मिटवली. मुठीत काहीच नव्हतं.

"सांगा, उद्याची का परवाची?"

तिनं अंगठा बोटांवर फिरवला. नेहमीसारखा, हळू, मान थोडी कलती करून. मला वाटलं आता म्हणेल, थट्टा करतेस होय. प्लॉटवरचे उरलेले दिवस, सासूबाई, गाव, सगळं विसरून मी मनात म्हणत होते, म्हण, काही नाही म्हण.

"उद्याची," ती म्हणाली.

तिनं डोळे उघडले, मूठ उघडली आणि रिकाम्या हाताकडं पाहिलं. मग तो हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला. खाली पडलेली असेल म्हणून लुगडं झटकलं. मग तिला कळलं. तिच्या तोंडावर ते कळणं उतरताना मी पाहिलं आणि त्यानंतर मी जन्मात कोणाची परीक्षा घेतलेली नाही.

मी तिला चित्राचं सांगितलं, चट्ट्याचं, गोळ्यांचं सांगितलं. तिनं ऐकलं की नाही देव जाणे. तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"मंग शांतीला म्या उगंच बोल्ले."

ती दवाखान्यात नंतर गेली. आधी शांताच्या घरी गेली, भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळून. मी मागं होते. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली आणि आत न जाता म्हणाली, "पोरी, चूक माझ्या हाताची होती. माझे तास तू घे." शांताच्या सासूनं कारण विचारलं, तर मायनं रोगाचं नाव घेऊन सांगितलं, आवाज खाली न करता. गल्लीतल्या चार दारांत बाया उभ्या होत्या. लपवायला मी एवढी धडपडले, आणि तिनं एका वाक्यात मोकळं केलं.

मी भ्याले होते तसंच झालं, पण अर्धंच. आठांतल्या चार बाया कामाला आल्या नाहीत. सासूबाईंनी भिंतीवरून देणं-घेणं बंद केलं. मुलीच्या अंगावर चट्टा शोधत त्या महिनाभर तिला उजेडात उलटीपालटी करून बघायच्या. पण शांता आली. मायचे तास तिनं घेतले आणि माय बांधावर बसून राहिली. हाताला काम नाही, पण तोंडाला होतं. दोन दिवसांनी तिनं एक कळी मागून घेतली आणि गालाला लावून पाहिली. मग ओठांना. डोळे मिटून बराच वेळ. "परवाची हाय," म्हणाली. बरोबर होतं. तेवढ्यानं तिचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. शेवटच्या दिवशी तिनं अंगठा माझ्यापुढं धरला. नख कापून दे, कुठवर कापायचं ते मला आता कळणार न्हाई, म्हणाली. मी कापलं, तिनं ते शांताच्या ओळीतल्या शेवटच्या झाडाखाली पुरलं. प्लॉट त्या वर्षी पास झाला, पण पीक जेमतेमच आलं.

आरोग्य केंद्रातला एक माणूस सायकलवर महिन्याला यायचा, गोळ्यांचं पाकीट द्यायचा आणि पहिल्या गोळ्या समोर गिळायला लावायचा. दोन वर्षं तिनं एक गोळी चुकवली नाही. रोग गेला. त्या माणसानं सासूबाईंना समजावलं, आणि हळूहळू भिंतीवरून विरजणही पुन्हा जायला लागलं. बोटांची जाण मात्र परत आली नाही. उशीर झाला होता. त्या उशिरातले चार दिवस माझे आहेत. चार दिवसांनी काही फरक पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पडत नसेलही. मी ते चार दिवस धरूनच आहे.

तिनं मात्र नव्यानं शिकायला घेतलं. चहाची कपबशी आधी गालाजवळ न्यायची. चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उचलायचं नाही. रोज दिवेलागणीच्या आधी उंबऱ्यावर बसून दोन्ही पावलं उलटी करून बघायची, बोटाबोटांच्या फटीत, पोथी वाचावी तसं. आधी हाताला इचारायची, आता डोळ्यांना इचारावं लागतं, म्हणायची. सायकलवाल्यानं मऊ रबराच्या काळ्या पट्ट्याच्या चपला दिल्या होत्या. पुढच्या नवरात्रात ती त्या घालून निघाली तेव्हा बाया कुजबुजल्या, वीस वर्षांचा नेम मोडला. माय थांबली आणि म्हणाली, "दुखत हुतं तवर अनवाणी चालण्यात काही हुतं. आता न दुखणाऱ्या पायानं चालून देवीला काय फसवू?"

पुढं आम्ही मुलीच्या शाळेसाठी जालन्याला आलो. सणावारी गावाकडं जाणं व्हायचं. शेवटची भेट दोन हजार तीनच्या नवरात्रातली. माय पार थकली होती, मोतीबिंदू झाला होता. देवीला निघाली होती, मला बघून आमच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली की आताशा डोळेही धड दिसू देत नाहीत, तेवढी पावलं बघ माझी. तिनं संकोचत पाय पुढं केला. मी तो मांडीवर घेतला. टाचेच्या कडेला, जुन्या वणाशेजारी, बारीक काटा होता. कातडीखाली गेलेला, नुसतं काळं टोक दिसत होतं. मी अंगठ्याचं नख लावलं, खोल जाऊ न देता, तिनंच शिकवलं होतं तसं. काटा निघाला. मागोमाग रक्ताचा थेंब आला.

"दुखलं का?" मी सवयीनं विचारलं आणि जीभ चावली.

ती माझ्या तोंडाकडं वाकून बघत होती, अगदी जवळून, डोळे बारीक करून.

"मला न्हाई," ती म्हणाली. "तुला दुखलं, दिसलं मला."

मग तिनं चपला घातल्या, पट्टे लागले का ते मला दोनदा बघायला लावलं, आणि काठी टेकत टेकडीच्या चढाला लागली.